बेंझीनमध्ये (सहा कार्बनची रिंग) डबल बाँड खरंच सारखे जागा बदलत असतात का? आणि कुठलं रेझोनन्स स्ट्रक्चर (एकाच रेणूची कागदावर काढलेली वेगवेगळी चित्रं) जास्त महत्त्वाचं हे कसं ओळखायचं?

नाही, अजिबात नाही. जागा बदलतात हे क्लासमध्येच सांगितलं असणार, पैज लावते.

मी कोथरूडला बारावीच्या ट्यूशन घेते, त्याआधी डेक्कनला एका मोठ्या क्लासमध्ये शिकवायचे. तिथल्या नोट्समध्ये ठळक छापलेलं, 'डबल बाँड इतक्या वेगाने जागा बदलतात की आपल्याला सरासरी दिसते.' स्टाफरूममध्ये म्हटलं, सर हे काढा की, ही केमिस्ट केकुलेची १८७२ ची कल्पना आहे. सिनियर सर म्हणाले, "मॅडम, सीईटीला हे विचारत नाहीत, मुलांच्या डोळ्यासमोर काहीतरी यायला पाहिजे ना." मग मी नोट्सच्याच पाठीमागे लिहून दाखवलं, बाँडची लांबी कार्बन-कार्बन सिंगल १५४ पिकोमीटर, डबल १३४, बेंझीनमध्ये सहाच्या सहा १३९. तर म्हणे, "तेच तर, सरासरी!"

बरं, मग उष्णता बघा म्हटलं. सायक्लोहेक्झीनमध्ये एक डबल बाँड, हायड्रोजन लावला की मोलला साधारण १२० किलोज्यूल निघतात. तीन खरे डबल बाँड असते तर ते कुठेही उड्या मारत बसू देत, ३६० निघायलाच हवेत, कारण दोन्ही स्ट्रक्चरची एनर्जी सारखीच आणि सारख्याची सरासरी सारखीच येणार. बेंझीनचे निघतात २०८. वरचे दीडशे गेले कुठे? यावर सरांना एकदम बॅचची आठवण झाली. नोट्स पुढच्या वर्षी तशाच, फक्त कव्हर निळं.

तर डबल बाँडचे सहा पाय (π) इलेक्ट्रॉन एकाच वेळी सहाही कार्बनवर पसरलेले असतात, रेणू एकच आहे, कागदावरची दोन चित्रं ही आपली अडचण. म्हणून मधे दोन टोकांचा एकच बाण काढायचा, इक्विलिब्रियमचे दोन उलटसुलट बाण काढले तर मी सरळ मार्क कापते, पालक भांडायला आले तरी.

दुसरा प्रश्न: आधी ऑक्टेट (कार्बन-ऑक्सिजनसारख्या अणूभोवती आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण आहे का बघा, मग चार्ज कमीत कमी कुठे, आणि निगेटिव्ह चार्ज ऑक्सिजनसारख्यावर असेल तर ते चांगलं. ॲसिटेटमध्ये दोन्ही स्ट्रक्चर सारखीच, म्हणून दोन्ही कार्बन-ऑक्सिजन बाँड एकाच लांबीचे. बाकी नोट्सवर विसंबू नका, एनसीईआरटी पुरेसं आहे, अप्पा बळवंत चौकात जुनंही मिळतं.

हां, आणि रिंगमध्ये एकाआड एक डबल बाँड दिसले की लगेच बेंझीन समजू नका, सायक्लोऑक्टाटेट्राईनची रिंग सपाट नसते, तिथे सिंगल-डबल वेगवेगळे मोजता येतात.