कोरियन पोरांचं रडगाणं खरं की नाटक? सोलमधल्या एका लातूरकर मुलीला पत्र

अगं,

तुझा तो लांबलचक मेसेज काल ऑफिसातून परतताना वाचला आणि म्हटलं हे व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत उरकायचं काम नाही, नीट बसून लिहावं. तुझ्या घरमालकीण बाईंचा मुलगा गोसाम म्हणजे बारावीला आहे, तो जेवताना सारखा कुरकुरतो, परवा म्हणे "हे असलं आयुष्य कुत्र्यालाही देऊ नये" असं काहीतरी बोलला आणि तुझं डोकं फिरलं. कारण तू लातूरला पहाटे पाचला उठून क्लास, मग कॉलेज, मग परत क्लास, मग रूमवर टेस्ट सिरीज असं दोन वर्षं काढलंस, वर नीटचा दुसरा अटेम्प्टही दिलास, आणि तू कधी असं रडली नाहीस. तुझा प्रश्न सरळ आहे, यांची तक्रार रास्त आहे की ही श्रीमंत देशातली नाटकं आहेत.

तासांच्या बाबतीत मी त्याची बाजू घेणार नाही. तुझे तास आणि त्याचे तास मांडून बसलीस तर तू जिंकशीलही. इथे शाळा सुटली की हागवॉन म्हणजे खासगी क्लास, मग स्टडी कॅफे, मध्यरात्री घर, हे सगळं लातूरच्या हॉस्टेलवाल्या पोराला काही नवीन नाही. आणि ते सुनुंगच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेच्या दिवशी इंग्रजीच्या लिसनिंगसाठी ३५ मिनिटं विमानं थांबवतात, शेअर बाजार तासभर उशिरा उघडतो, पोलिस उशीर झालेल्या पोरांना गाडीवरून सोडतात, हे तू रील्सवर पाहिलंयस, त्यात मी वेळ घालवत नाही. बाहेरच्यांना तेवढंच दिसतं आणि खरं सांगू का, तो भाग त्यातल्या त्यात बरा आहे, निदान एक दिवस तरी सगळा देश पोरांसाठी थोडा बाजूला सरकतो.

फरक कुठे आहे तर नेशिनमध्ये, म्हणजे शाळेतल्या परीक्षांच्या ग्रेडमध्ये. तू नीट दिलीस तेव्हा बारावीच्या बोर्डात तुला काय पडले याला मेडिकल अ‍ॅडमिशनमध्ये फारसा अर्थ नव्हता, पात्रतेपुरते मार्क असले की झालं. आणि तुझी स्पर्धा देशभरातल्या वीस लाखांहून जास्त अनोळखी पोरांशी होती, म्हणजे रूम पार्टनरला ऑरगॅनिकच्या नोट्स दिल्यास तरी तुझं काडीचं नुकसान होत नव्हतं. इथे हायस्कूलच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक मिडटर्म, प्रत्येक फायनल, प्रत्येक प्रोजेक्ट युनिव्हर्सिटीच्या अर्जात मोजला जातो, आणि मोजतात तो तुझ्याच शाळेतल्या, तुझ्याच विषयाच्या पोरांशी तुलना करून. जुन्या पद्धतीत नऊ ग्रेड, पहिली ग्रेड फक्त वरच्या ४ टक्क्यांना. शंभर पोरं असतील तर चार. पाचव्याने कितीही सुंदर पेपर लिहिला तरी तो दुसऱ्या ग्रेडमध्ये. म्हणजे शेजारच्या बाकावरची मैत्रीण आजारी पडली तर तुझा फायदा, आणि हे सोळाव्या वर्षी रोज कळत राहतं. २०२५ पासून नवीन बॅचला पाच ग्रेड केल्यात, पहिली १० टक्क्यांना, पण मग आता पहिली ग्रेड हुकली तर संपलंच अशी वेगळी भीती सुरू झालीय. पहिल्या वर्षीच एकदोन पेपर बिघडले की काही पोरं शाळा सोडतात, दहावी-बारावीसारखी बाहेरून परीक्षा देऊन सरळ सुनुंगच्या मार्कांवर जायचं ठरवतात. शाळेत नापास झालेली नाहीत बरं का ही, चांगली हुशार पोरं असतात.

तर तो जे बोलतो ते अभ्यास फार आहे म्हणून बोलतो असं तू धरून चाललीयेस. एकदा विचार त्याला की नेमकं काय खटकतं. माझ्या टीममधल्यांची मुलं या वयाची आहेत, त्यांच्याकडून जे ऐकते त्यात तासांचं रडणं नंतर येतं, आधी येतं ते हे, की मी किती केलं तरी बाकीचे पण तेवढंच करतात, मग माझं जागच्या जागी राहतं. ही तक्रार मला शंभर टक्के रास्त वाटते, कारण तिला इथल्या सरकारलाही साठ वर्षांत उत्तर सापडलेलं नाही.

साठ वर्षं मी उगाच म्हणत नाही. १९६४ सालची गोष्ट सांगते, तुला आवडेल. तेव्हा मिडल स्कूललाच प्रवेश परीक्षा होती, बारा वर्षांची पोरं, आणि चांगल्या शाळेत शिरायला अख्खं घर कामाला लागायचं. पेपरात प्रश्न आला, यत नावाची चिकीसारखी चिकट मिठाई करताना माल्टच्या ऐवजी काय घालता येईल. ठरवलेलं उत्तर डायास्टेज, म्हणजे पिष्टाची साखर करणारं पाचकद्रव्य. पण पर्यायात मुळ्याचा रसही होता, आणि मुळ्यात डायास्टेज असतंच की! ज्यांनी मुळा लिहिला त्यांचा मार्क गेला, एका मार्काने शाळा गेली. मग त्या पोरांच्या आयांनी काय करावं, मुळ्याचा रस घालून खरोखर यत शिजवली आणि भांडं घेऊन शिक्षण खात्याच्या ऑफिसवर धडकल्या, घ्या खाऊन बघा. प्रकरण कोर्टात गेलं, १९६५ मध्ये निकाल पोरांच्या बाजूने लागला आणि ३८ जणांना प्रवेश मिळाला. पुढे १९६९ ला सोलपासून सुरुवात करून ती प्रवेश परीक्षाच काढून टाकली. मग काय झालं? सगळी झुंबड हायस्कूलच्या परीक्षेवर. १९७४ मध्ये सोल आणि बुसानमध्ये तीही काढली, पोरं लॉटरीने शाळेत जायला लागली, झुंबड युनिव्हर्सिटीवर गेली आणि तिथेच बसलीय.

त्यानंतरचे उपाय बघ. १९८० मध्ये चुन दू-ह्वानच्या लष्करी राजवटीने खासगी शिकवणी सरसकट बंद केली, बेकायदेशीरच. श्रीमंतांनी लपूनछपून चालू ठेवली आणि गुपचूप शिकवणीचा भाव वाढला, २००० मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती बंदी रद्द केली. सोलमध्ये हागवॉनला रात्री दहाला कुलूप लावायचा नियम आहे, दहा वाजता देची-दोंगला, त्या क्लासवाल्यांच्या भागात, जाऊन बघ एकदा, घ्यायला आलेल्या गाड्यांनी रस्ता जाम, आणि तिथून पोरं झोपायला जातात असं वाटत असेल तर तसं नाही, स्टडी कॅफेत जातात. इंग्रजीचा ताण कमी करायला २०१७ च्या परीक्षेपासून ९० किंवा त्याहून जास्त मार्क ज्याला पडतील त्याला पहिली ग्रेड असं केलं, चांगली गोष्ट, तर क्लासवाले गणित आणि कोरियनकडे वळले आणि २०२५ च्या नोव्हेंबरात इंग्रजीचा पेपरच असा काढला की पहिली ग्रेड जेमतेम ३ टक्क्यांना मिळाली. २०२३ च्या जूनमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष युन सक-यॉल यांनी फर्मान काढलं की ते 'किलर' प्रश्न, जे शाळेच्या पुस्तकातून सुटतच नाहीत, ते बंद. परीक्षेला पाच महिने राहिलेले असताना! पोरं बिचारी कुठल्या धर्तीवर तयारी करायची या गोंधळात, पेपर शेवटी कठीणच निघाला आणि त्या वर्षी बसणाऱ्यांत तीनातला एक जण आधीच शाळेतून बाहेर पडलेला होता, बहुतेक तुझ्यासारखा दुसरा-तिसरा अटेम्प्टवाला. इथले पेपरवाले याला फुग्याचा परिणाम म्हणतात, एकीकडे दाबलं की दुसरीकडे फुगतं.

हे असं का होतं, तर परीक्षेच्या पलीकडे जे आहे ते कोणी बदललं नाही. २०२३ च्या सरकारी आकड्यात मोठ्या कंपनीतला सरासरी पगार महिन्याला ५९ लाख वॉन, छोट्या-मध्यम कंपनीत ३० लाखाच्याही आत. आणि बहुतेक नोकऱ्या छोट्या-मध्यम कंपन्यांतच आहेत. मी स्वतः सोलजवळच्या पांग्योत, आयटी कंपन्यांच्या भागात काम करते, दोन्ही बाजूची माणसं एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात, एक कंपनीचा आणि एक कंत्राटदाराचा, काम जवळपास तेच, आणि दोघांना माहीत असतं की फरक कुठे पडला. मग आईबाप काय करणार, २०२४ मध्ये खासगी शिकवणीवर या देशाने २९.२ लाख कोटी वॉन घातले, पोरांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा कमी झालेली असताना. दहातली आठ पोरं कसल्या ना कसल्या क्लासला. वरच्या उत्पन्नाची घरं खालच्यांच्या तिपटीहून जास्त खर्च करतात. जन्मदर ०.७२ वर गेला होता २०२३ मध्ये, त्याचं कारण विचारलं की माझी कलीग हागवॉनची फी दाखवते.

आता जिथे मला तक्रार पटत नाही तेही सांगते, नाहीतर तू म्हणशील ताई पार कोरियन झाली. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीने २००५ च्या प्रवेशापासून प्रादेशिक समतोलाची एक वाट ठेवली, गावाकडच्या शाळांनाही संधी मिळावी म्हणून. त्या वाटेने आलेल्या पोरांना कॅम्पसमध्ये किडा म्हणून हिणवणारे होते, म्हणजे आम्ही घाम गाळून आलो आणि हे फुकट. देची-दोंगमध्ये पाचव्या वर्षापासून लाखोंचे क्लास लावलेल्या पोराने असं म्हणायचं? या रडण्याला मी एक अश्रू देणार नाही. तुला मेडिकल प्रवेशातलं ७०:३० चं आठवत असेल, ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्याच पोरांना, आणि मराठवाड्यात मेडिकलच्या जागाच कमी म्हणून तुमच्याकडची पोरं वर्षानुवर्षं ओरडत होती, २०२० मध्ये ते रद्द झालं. ती तक्रार तुला रास्त वाटली होती, मीच तुझा तेव्हाचा तावातावाचा फोन ऐकलाय. म्हणजे तक्रार करणं हा कमकुवतपणा आहे असं तुझंही मत नाही, फक्त स्वतःच्या बाबतीत तू ते विसरतेस.

आणि हेही बघ, नेमकी तक्रार केली की इथे ऐकतात. २०२१ च्या सुनुंगमध्ये जीवशास्त्र-२ चा विसावा प्रश्न, आनुवंशिकतेतल्या हार्डी-वाईनबर्ग नियमावरचा, तुझ्या लाडक्या विषयातला. त्यात दिलेल्या अटी लावल्या तर प्राण्यांची संख्या उणे येत होती! परीक्षा मंडळ म्हणालं की असलं तरी उत्तर काढता येतं. ९२ पोरं कोर्टात गेली, डिसेंबरात जिंकली, सगळ्यांना मार्क मिळाले आणि मंडळाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. २०२३ मध्ये सोलच्या एका केंद्रावर बेल दीड मिनिट आधी वाजली, तीही पोरं कोर्टात गेली आणि भरपाई मिळाली. दीड मिनिटासाठी कोर्ट काय, असं तुला वाटेल, पण तुझ्या नीटच्या पेपरात कोणी दीड मिनिट आधी ओएमआर ओढून घेतलं असतं तर तू काय केलं असतंस ते मला माहितीये.

मग त्या पोराशी वागायचं कसं. पहिलं म्हणजे "आमच्या लातूरला" हे वाक्य जेवणाच्या टेबलावर आणूच नकोस, त्याने त्याचं दुखणं कमी होत नाही आणि तुझंही झालेलं नाही. तुला त्याचा एवढा राग का येतो ते एकदा बघ, मला वाटतं की तुला दोन वर्षांत कोणी कुरकुरू दिलं नाही, घरी फोन केला की "अजून थोडं सहन कर" एवढंच ऐकलंस, आणि हा पोरगा आईसमोर बिनधास्त बोलतो. ते त्याचं बरंच चाललंय गं. बोलणाऱ्या पोराची मला काळजी कमी वाटते.

पण एक गोष्ट कानात साठवून ठेव. या देशात तरुण मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बरीच वर्षं आत्महत्या हेच आहे. तेव्हा "कुत्र्याचं आयुष्य" इथवर ठीक, पण तो गप्प व्हायला लागला, वस्तू वाटायला लागला, नसतो तर बरं झालं असतं अशा अर्थाचं काही बोलला तर रास्त की नाटक हा हिशोब तिथल्या तिथे बंद करायचा, सरळ विचारायचं, आणि आईला सांगायचं. १०९ हा नंबर चोवीस तास चालतो, मुलांसाठी १३८८ आहे. फोनमध्ये आत्ताच सेव्ह कर, तुझ्यासाठीसुद्धा, लॅबवाल्यांचं काही सांगता येत नाही.

बाकी नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारच्या आधी त्याला चापसालतॉक, म्हणजे चिकट तांदळाची मिठाई नेऊन दे, चिकट म्हणून शुभ मानतात, कुठल्याही बेकरीत डबे लागलेले असतात. तुझा स्वयंपाकाचा नंबर आला तर त्या आठवड्यात मियॉकगुक करू नकोस, ते समुद्री शेवाळाचं सूप बुळबुळीत, खाल्लं की घसरतो म्हणतात, आजुम्मा, म्हणजे तुझ्या घरमालकीण बाई, बोलणार नाहीत पण मनाला लावून घेतील. निकाल डिसेंबरात असतो, त्याने सांगितला तर ऐक, विचारू नकोस.

आणि तुझ्या एआरसी कार्डचं, म्हणजे परदेशी लोकांच्या त्या ओळखपत्राचं काय झालं ते कळव, अपॉइंटमेंट मिळत नसेल तर मला स्क्रीनशॉट पाठव. भाजणी आलीय पुण्याहून, शनिवारी ये.

तुझी,
ताई