'कंट्री म्युझिक'ला 'ग्रामीण संगीत' म्हणावे का?

अमेरिकेतील 'कंट्री म्युझिक'साठी मराठीत 'ग्रामीण संगीत', 'लोकसंगीत' किंवा 'देशी संगीत' यांपैकी कोणता शब्द वापरावा, असा प्रश्न आहे. माझ्या मते तिन्ही शब्द टाळून 'कंट्री संगीत' असेच लिहावे, कारण हे नाव त्या संगीताचे वर्णन करण्यासाठी नव्हे, तर आधीचे हिणवणारे नाव पुसण्यासाठी रूढ झाले.

ते आधीचे नाव 'हिलबिली'. 1925 च्या जानेवारीत अल हॉपकिन्स आणि त्याचे साथीदार ओके या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करायला न्यूयॉर्कला गेले होते. निर्माता राल्फ पीअर याने वाद्यवृंदाचे नाव विचारले, तेव्हा आम्ही नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनियाकडचे हिलबिली, काहीही नाव द्या, अशा अर्थाचे उत्तर हॉपकिन्सने दिले आणि पीअरने 'द हिल बिलीज' हेच नाव नोंदवले. पुढे तो शब्द या संपूर्ण संगीतप्रकाराला चिकटला. त्याची छटा 'डोंगराळ' या शब्दात येत नाही. आपल्या 'गावंढळ'मध्ये जी तुच्छता आहे, तीच त्यात आहे. स्वतःबद्दल सहज बोललेला शब्द दुसऱ्याच्या तोंडी शिवी ठरतो, म्हणून अनेक कलावंतांना तो बोचत असे.

'लोकसंगीत' हा पर्याय तर अमेरिकेतच वापरून मागे पडला आहे. 'बिलबोर्ड' या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाने 1944 मध्ये ज्यूकबॉक्सवर (नाणे टाकून गाणे वाजवण्याच्या यंत्रावर) वाजणाऱ्या या ध्वनिमुद्रिकांची यादी 'फोक' या नावाखाली सुरू केली आणि जून 1949 मध्ये तिथे 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नाव आणले. त्यातील 'वेस्टर्न' हा चित्रपटांतील गाणाऱ्या काउबॉयांचा वारसा. शिवाय लोकगीताचा कर्ता सहसा अज्ञात असतो, तर इथे कर्ता आणि स्वामित्वहक्क यांना आरंभापासून महत्त्व होते. 1927 च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या कंट्री गायकांची पहिली ध्वनिमुद्रणे करणारा पीअर गाण्यांच्या प्रकाशनहक्कांतूनच कमाई करत असे, त्यामुळे हक्क नोंदवता येईल असे नवे गाणे त्याला हवे असे.

'देशी'ची अडचण आपल्या बाजूची आहे. मतंगाच्या 'बृहद्देशी' या प्राचीन ग्रंथापासून 'मार्गी' (शास्त्रनियमांनी बांधलेले) आणि 'देशी' (प्रदेशाप्रदेशातले) ही जोडी भारतीय संगीतशास्त्रात पक्की झालेली असल्याने वाचकाची दिशाभूल होईल. 'ग्रामीण' हा शब्द त्या मानाने निरुपद्रवी, पण टेनेसीतील नॅशव्हिल शहराच्या स्टुडिओंत घडलेल्या संगीताला तो कसा लावणार?

लेखनाबाबत आणखी एक सूचना करावीशी वाटते. 'ग्रँड ओल ओप्री' या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाचे नाव मराठी मजकुरात कधी कधी 'ऑपेरा' असे सुधारून छापले जाते, तसे करू नये. 1927 च्या डिसेंबरात नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य अभिजात संगीताचा कार्यक्रम संपताच निवेदक जॉर्ज हे याने, आतापर्यंत आपण ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ग्रँड ओल ओप्री ऐका, अशा आशयाची घोषणा केली. त्या रात्री डीफोर्ड बेली या कृष्णवर्णीय कलावंताने हार्मोनिकावर आगगाडीची धडधड उभी केली होती. 'ओप्री' हा बोलीतला उच्चार मुद्दाम वापरलेला असल्याने तो तसाच ठेवावा.