पैसे उरतात, हवा छान आहे, तरी मन लागत नाही

परदेशात बिऱ्हाड हलवलेल्या बायकांकडून, आणि हल्ली पुरुषांकडूनही, एक प्रश्न वरचेवर येतो: "मॅडम, इथे तसं कशाचीच कमी नाही. तरी मन लागत नाही. माझंच काही चुकतंय का?" त्यातलीच ही एक केस. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती केनियातल्या केरिचोत राहते. साधारण 2000 मीटर उंचीवरचं छोटं शहर, चहूकडे चहाचे मळे. नवरा चहाच्या कारखान्यात इंजिनिअर. ती पुण्यात बँकेत होती, राजीनामा देऊन गेली. घरभाडं आणि भाजीपाला नैरोबीच्या मानाने स्वस्त, त्यामुळे पुण्याच्या फ्लॅटचं कर्ज भराभर फिटत होतं. फोटो बघून नातेवाईक म्हणायचे, "नशीब काढलंस!"

व्हिडिओ कॉलवर बोलताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक तक्रारीच्या शेपटाला ती "पण पैसे उरतात हो" जोडायची. झोप नीट लागत नाही, पण पैसे उरतात. दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही, पण पैसे उरतात. उरणाऱ्या पैशांनी तिचं तोंड बंद केलं होतं. "हे पैसे कुणाच्या खात्यात उरतात?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "त्यांच्याच. माझं इथे खातं नाही."

मग मी तिला आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब सांगायला लावला. स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती, एक केनियाचं आणि एक पुण्याचं, अडीच तास पुढचं. सकाळ जायची आईशी आणि बहिणीशी बोलण्यात. दुपारी ढग यायचे, पत्र्यावर पाऊस सुरू व्हायचा, कधी गारा. त्या आवाजात फोनही ऐकू यायचा नाही. नवरा कधी सातला यायचा, कधी रात्रपाळी. आसामात थंडीत तरी चहाची खुडणी थांबते. केरिचो विषुववृत्ताला लागून असल्यामुळे तिथे बारा महिने पान येतं आणि खुडलेलं पान लगेच कारखान्यात घ्यावं लागतं. म्हणजे 'जरा सीझन संपू दे, मग फिरू' हे तिच्या नवऱ्याचं आश्वासन मुळातच पोकळ होतं.

कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1960 साली 'कल्चर शॉक'चे, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या धक्क्याचे, टप्पे मांडले. त्यातला पहिला मधुचंद्राचा, मग चिडचिड, हळूहळू रुळणं. लोक आता इंटरनेटवर हे वाचून येतात आणि पुढच्या टप्प्याची वाट बघत बसतात. हिच्या बाबतीत मला ते पटलं नाही. केनियाशी तिचं भांडण नव्हतंच. तिची नोकरी गेली होती आणि त्याबद्दल कुणी हळहळलंसुद्धा नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर तिथे स्वतःचं वर्क परमिट काढल्याशिवाय कामही करता येत नाही, म्हणजे 'बघ की काहीतरी' या सल्ल्याला अर्थ नव्हता.

दोन गोष्टी केल्या. पहिली बाजाराची. नोकर पाठवण्याऐवजी ठरावीक वारी, ठरावीक बाईकडूनच भाजी घ्यायची, मोडक्यातोडक्या स्वाहिलीत. मैत्री वगैरे होईल अशी अपेक्षा ठेवायची नाही. आपण आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल, एवढंच पुरे. सुरुवातीला ती जाम कंटाळली. मग एकदा वार चुकला, तर भाजीवालीने पुढच्या वेळी चांगलंच फैलावर घेतलं. हे सांगताना ती पहिल्यांदा मोकळी हसली. केरिचोत मोठा गुरुद्वारा आहे, तिथे लंगरमध्ये पोळ्या लाटायला जाणं तिने आपणहून सुरू केलं. तिथली भारतीय वंशाची कुटुंबं पिढ्यानुपिढ्यांची केनियन, त्यामुळे तिथेही ती पाहुणीच. पण हाताला काम होतं.

दुसरी गोष्ट जड गेली: नवऱ्याला सेशनला बसवणं. "इथे काय कमी आहे हिला?" हे त्याचं पहिलंच वाक्य. मी त्याला कागद घ्यायला सांगितला. किती कर्ज फिटल्यावर परतायचं, ती रक्कम लिहा. कोणत्या महिन्यापर्यंत, तेही लिहा. शिवाय दर महिन्याला ठरलेली रक्कम तिच्या भारतातल्या खात्यात जाईल, आणि ती कशावर खर्च करायची हे ती ठरवेल. तो चिडला. रक्कम मात्र लिहिली.

असं वाटणाऱ्या प्रत्येकाला एवढ्यावर भागेल असं नाही. दोन आठवडे किंवा जास्त काळ, बहुतेक सगळा दिवस उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा. छोट्या गावात मानसोपचारतज्ज्ञ मिळेलच असं नाही, म्हणून बिऱ्हाड हलवण्याआधीच व्हिडिओवर आपल्या भाषेत बोलणारं कुणीतरी शोधून ठेवावं. भाड्याची चौकशी करतो तशीच हीही चौकशी.

तिची झोप आता सुधारली आहे. बँकिंगचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम ती स्वतःच्या खात्यातून फी भरून करते आहे. मधल्या काळात नवऱ्याला करार वाढवून मिळतोय, त्याला राहायचंय. ती म्हणते, कागदावर लिहिलेला महिना बदलणार नाही. पुढचं सेशन त्यावरच आहे.