लेझरसाठी कोरलच पाहिजे का?

प्रश्न : सांगलीत माझं ट्रॉफी-नेमप्लेटचं दुकान आहे, आता छोटं डायोड लेझर कोरायचं मशीन घेतलंय. कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर विकत घ्यायलाच लागतंय का?

उत्तर : नाही ओ, लगेच खिसा रिकामा करू नका. इंकस्केप हे डिझाइनचंच सॉफ्टवेअर फुकट आहे, युनिकोड मराठी नीट येतं, फक्त नाव टाइप झालं की ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून (म्हणजे अक्षरांचे आकार बनवून) मगच एसव्हीजी फाइल सेव्ह करा, नाहीतर दुसऱ्या सॉफ्टवेअरात जोडाक्षरं फुटू शकतात आणि ‘ज्ञानेश्वर’चं काय झालं ते पाटी कोरल्यावरच कळतं! मशीन चालवायचं सॉफ्टवेअर मात्र वेगळं. मशीनमध्ये जीआरबीएल कंट्रोलर (मोटर-लेझर चालवणारा बोर्ड) असेल तर विंडोजवर फोटो कोरायला लेझरजीआरबीएल फुकटात भागवतं. लाइटबर्न या दुसऱ्या सॉफ्टवेअरला पैसे पडतात, पण कटिंग-कोरणं एकाच फाइलीत वेगवेगळ्या पॉवरनं करता येतं, रोजच्या धंद्याला मी तेच घेईन.