शाळेशी तडजोड : पैसे तुमचे, पण वर्गातली जागा मुलाची

प्रश्न : आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, अनुदानित शाळेत सहावीत आहे. त्याला स्वमग्नता आहे, यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर) 50 टक्के दिव्यांगत्व नोंदलेलं आहे. पाचवीत असताना शाळेने ‘स्वतःच्या खर्चाने शॅडो टीचर आणाल तरच वर्गात बसवू’ असं सांगितलं. महिना 12,000 रुपये देऊन आम्ही वर्गात त्याच्यासोबत बसणारी बाई आठ महिने ठेवली. ती सोडून गेली तेव्हा ‘तो शांत होईपर्यंत घरीच ठेवा’ म्हणाले, तेही तोंडी. सहा आठवडे मुलगा घरी होता. शेवटी आम्ही राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार केली. आता शाळेच्या वकिलांनी समझोत्याचा मसुदा पाठवला आहे, तो सोबत जोडलाय. शाळा 60,000 रुपये देणार. आम्ही तक्रार मागे घ्यायची, वर्षअखेर ‘स्वेच्छेने’ दाखला काढायचा, पुन्हा कुठेही तक्रार करायची नाही, आणि याविषयी कुणाशी बोललो तर पाच लाख रुपये भरायचे. सोमवारपर्यंत उत्तर मागितलंय. मसुद्यात शाळेने चूक मान्य केलेली नाही हे मिस्टरांना झोंबलंय, तरी म्हणतात, घ्या आणि सुटा. न्यू जर्सीतली माझी जाऊ म्हणते, सही कर, तीन दिवसांत रद्द करता येते. काय करू?

उत्तर : ताई, सही केली नसेल तर अजून करू नका. आणि जाऊबाईंच्या भरवशावर तर मुळीच नको. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत विशेष शिक्षणाचा वेगळा केंद्रीय कायदा आहे. पालकांनी रीतसर तक्रार केली की पंधरा दिवसांत शाळेला त्यांच्याबरोबर बैठक घ्यावी लागते. त्या बैठकीत झालेला लेखी करार दोघांपैकी कुणालाही कामकाजाच्या तीन दिवसांत मोडता येतो. तिथेही ही सवलत त्या बैठकीतल्या करारापुरतीच आहे, मध्यस्थाकडे झालेल्या कराराला ती लागू नाही. आपल्याकडे असे तीन दिवस कुठल्याही कायद्यात नाहीत. लग्नाच्या बाबतीत आपल्याला पोर्तुगीज नागरी कायदा लागतो म्हणून करारांनाही तोच लागत असेल असं डिचोली-साखळीकडे अजून अनेकांना वाटतं. तसं नाही. कराराला 1872 चा भारतीय करार कायदाच लागतो, आणि त्यात सही म्हणजे सही. फसवणूक, दबाव किंवा गैरप्रभाव सिद्ध केला तर करार रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते आणि सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर असतं.

आता मसुद्याकडे येऊ. त्यात दोन वेगळे व्यवहार एकाच कागदात गुंडाळलेत, सगळी गोची तिथेच आहे. एक व्यवहार तुमच्या पैशांचा. शॅडो टीचरवर तुमचे 96,000 रुपये गेले, शाळा 60,000 देते आहे. त्यावर घासाघीस करायची की सोडून द्यायचं, हे पूर्णपणे तुमच्या दोघांच्या हातात. दुसरा व्यवहार मुलाच्या शाळेतल्या जागेचा. ती जागा तुमची नाही, त्यामुळे ती विकण्याचा अधिकारही तुम्हाला नाही. मसुद्यातलं कलम 7 वाचा : ‘पालक कोणत्याही दबावाविना, स्वेच्छेने, चालू शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस पाल्याचा दाखला काढून घेतील.’ सहावीतल्या मुलाला शाळा काढून टाकू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 मध्ये पाचवी-आठवीच्या परीक्षेबाबत त्या कलमात बदल झाला, पण न काढण्याची ही तरतूद कायम राहिली. जे शाळेला थेट करता येत नाही, ते तुमच्या हातून करून घ्यायचं, म्हणून ‘स्वेच्छेने’. मसुदा लिहिणाऱ्या वकिलाने आपलं काम चोख केलंय, हेही कबूल करायला हवं.

इथे एक पेच आहे. तुमची शाळा डायोसिसची (चर्चच्या धर्मप्रांताची) किंवा दुसऱ्या एखाद्या अल्पसंख्याक संस्थेची आहे का, हे पत्रात नाही. गोव्यात अशा शाळा पुष्कळ आहेत. 2014 च्या प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असल्या तरी, शिक्षण हक्क कायदा लागू नाही असं ठरवलं. 2025 मध्ये दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे जावा असं म्हटलंय, पण आज शाळा प्रमतीचा आधार घेऊ शकते. म्हणून तुमची खरी भिस्त दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 वर ठेवा. तो अशा शाळांना वगळत नाही. त्याच्या कलम 16 मध्ये सरकारचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या सगळ्या शिक्षणसंस्था येतात. भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी, वैयक्तिक मदत, त्याच्या प्रगतीवर लक्ष, हे सगळं त्यात आहे. कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तुमच्या मुलाच्या कार्डावर 50 आहे, म्हणजे ही बाजू पक्की. ‘शॅडो टीचर आणा, नाहीतर घरी बसवा’ ही अट लेखी असती तर शाळेच्या वकिलांना घाम फुटला असता. वाजवी सोय नाकारणं म्हणजेच भेदभाव, असं कायद्याच्या व्याख्येतच आहे. 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितलं : सोय व्यक्तीप्रमाणे ठरते, सरसकट नाही. बाजू पूर्ण मांडायची तर दिव्यांग कायद्याच्या या कलम 16 ची भाषा ‘सरकारने प्रयत्न करावा’ अशी सैल आहे, आणि समोरचा वकील नेमकं त्यावर बोट ठेवेल. म्हणून आयुक्तांपुढे तुमचा विजय ठरलेला आहे असं समजू नका. पण तुमच्या हातात काही नाही, असंही नाही.

सही केली तर काय होईल? मुलाने स्वतः करार केलेला नाही, करूही शकत नाही. अज्ञानाने, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलाने, केलेला करार मुळातच पोकळ, हे 1903 पासून ठरलेलं आहे. मूलभूत हक्क सोडून देता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये सांगितलंय, आणि 6 ते 14 वयाच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क मूलभूत आहे. कोर्टात दावा चालू असता तर गोष्ट आणखी स्पष्ट होती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 32, नियम 7 प्रमाणे अज्ञान मुलाच्या वतीने तडजोड करायची तर कोर्टाची परवानगी लागते. तिची नोंद कामकाजात स्पष्ट व्हावी लागते, पालकाचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि वकील असेल तर तडजोड मुलाच्या हिताची आहे असं त्याचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. परवानगीशिवाय केलेली तडजोड मुलाच्या बाजूने मोडता येते. तुमचं प्रकरण आयुक्तांकडे आहे, कोर्टात नाही, त्यामुळे हा नियम जसाच्या तसा लागत नाही. पण त्यामागचा विचार वाटाघाटीत उघड वापरा. शाळेच्या वकिलांना तो माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तरी एक व्यावहारिक गोष्ट लक्षात घ्या. कलम 7 कायद्यात टिकणार नाही म्हणून निर्धास्त सही करू नका. तो कागद मुलाला बांधणार नाही, पण तुम्हाला अडकवायला पुरेसा आहे. एप्रिलमध्ये वर्ष सुरू झाल्यावर शाळा फाटकावर तोच कागद दाखवील, आणि तोपर्यंत 60,000 बँकेत जमा झालेले असतील.

पुन्हा कधीच कुठे तक्रार करणार नाही, हे कलम तर कचऱ्याच्या डब्यातलं. कोर्टात जाण्याचा हक्क पूर्णपणे बंद करणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम 28 प्रमाणे त्या मर्यादेत रद्दबातल असतो. झालेल्या वादाबद्दल ‘आता हिशेब मिटला’ म्हणता येतं, पुढे होणाऱ्या अन्यायाबद्दल आगाऊ तोंड बंद करता येत नाही. मुलावर शाळेत गुन्हा झाला तर पोलिसांत न जाण्याची हमी कुठलंच कोर्ट मानणार नाही. पाच लाखांचं म्हणाल, तर त्याच कायद्याच्या कलम 74 मुळे कागदावर लिहिलेली रक्कम आपोआप मिळत नाही. कोर्ट वाजवी भरपाई ठरवतं, लिहिलेला आकडा फक्त कमाल मर्यादा. तरी हा आकडा काढायला लावा, कारण त्याचा खरा उपयोग घाबरवण्यापुरता आहे. गुप्तता मात्र थोडी मान्य करायला हरकत नाही. रक्कम किती मिळाली हे बाहेर सांगणार नाही, एवढं द्या. पण डॉक्टर, थेरपिस्ट, पुढची शाळा, गोवा बोर्ड, आयुक्त, बाल हक्क आयोग, पोलीस आणि कोर्ट यांच्याशी बोलण्यावर कोणतंही बंधन नाही, असं नावं घेऊन लिहून घ्या. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक मागाल तेव्हा सहावी-सातवीतल्या नोंदी दाखवाव्या लागतील, त्या वेळी गुप्ततेचं कलम आडवं यायला नको.

‘शाळेने कोणतीही चूक मान्य केलेली नाही’ हे वाक्य मिस्टरांना सर्वांत जास्त झोंबलंय असं पत्रावरून दिसतं. ते राहू द्या. असं वाक्य नसलेला समझोता मी क्वचितच पाहिलाय. त्याने तुमचं काहीही बिघडत नाही, आणि ते काढायला लावलंत तर बाकीच्या मागण्यांवर शाळा अडून बसेल.

आता, मुलगा त्याच शाळेत राहणार असेल तर करारात काय हवं? इथे नेटाने बसा. मसुद्यात एकच वाक्य आहे : ‘शाळा पाल्यास शक्य ते सर्व सहकार्य करील.’ असलं वाक्य कुठल्याच कोर्टात अमलात आणता येत नाही, कारण काय मोडलं हेच सांगता येत नाही. त्याच्या जागी असं काहीतरी लिहा : ‘भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला विशेष शिक्षक आठवड्यातून दोनदा, सोमवारी व गुरुवारी तिसऱ्या तासाला, पाल्यासोबत किमान 40 मिनिटे काम करील. पाल्याला पुढच्या रांगेत, दाराजवळ बसवले जाईल. आवाजाचा त्रास झाल्यास तो वर्गशिक्षकांना खूण करून वाचनालयात जाऊ शकेल, आणि त्याबद्दल शिक्षा होणार नाही. पालकांना घरून बोलावल्यास त्याचे कारण त्याच दिवशी लेखी दिले जाईल.’ वार आणि तास शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे बदला, पण वार आणि तास असलेच पाहिजेत. विशेष शिक्षकाचं पद आमच्याकडे मंजूरच नाही, असं शाळा म्हणेल, आणि ते खरंही असू शकेल. मग पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाला आणि समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या कार्यालयाला अमुक तारखेच्या आत पत्र पाठवणं, त्याची प्रत तुम्हाला देणं, आणि पद भरेपर्यंतचा पर्याय काय, हे तरी लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2021 पासून रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांच्या पदांवरून राज्यांच्या मागे लागणं सोडलेलं नाही. त्याचा उल्लेख पत्रात केलात तर फाईल जरा लवकर हलेल.

सही कुणाची, हेही बघा. मसुद्याखाली मुख्याध्यापकांच्या नावाची ओळ आहे. शाळा चालवणारी संस्था वेगळी असते, आणि कोर्टात बांधली जाते ती संस्था. तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांची किंवा सचिवांची सही घ्या, आणि व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत जोडून घ्या. उद्या मुख्याध्यापक बदलले तर नवे ‘मला माहीत नाही’ म्हणायला मोकळे. पालक म्हणून दोघांनीही सह्या करा. पैसे आधी खात्यात, मग तक्रार मागे, हा क्रम करारातच असू द्या.

तक्रार मागे घेण्याची घाई तर बिलकूल नको. ती नुसती मागे घेण्याऐवजी करार आयुक्तांपुढे ठेवा आणि त्याची नोंद आदेशात करून मागा. आयुक्त स्वतःहूनही चौकशी करू शकतात, हे शाळेला माहीत असलेलं बरं. पण आयुक्तांचं म्हणणं ही शिफारस असते. दिव्यांग कायद्याच्या कलम 81 प्रमाणे संबंधित प्राधिकरणाने तिच्यावर कारवाई करून तीन महिन्यांत कळवायचं असतं, नाहीतर न मानण्याचं कारण द्यायचं असतं. त्यापेक्षा पक्का मार्ग लोकअदालतीचा. दावा दाखल नसतानाही प्रकरण तिथे ठेवता येतं, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 21 प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो. शाळेने गुरुवारचा तास बंद केला तर तुम्हाला नवा दावा लावायचा नाही, सरळ अंमलबजावणीचा अर्ज. त्यावर अपील नसतं, म्हणून शब्द न् शब्द आधी वाचा, आणि तडजोड मुलाच्या हिताची असल्याचं पॅनेलने तपासलं, अशी नोंद निवाड्यात करून घ्या. यासाठी उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा डिचोलीच्या कोर्टातल्या तालुका समितीकडे जा. स्त्री, अज्ञान मूल आणि दिव्यांग व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

मुलाला खरंच दुसऱ्या शाळेत न्यायचं तुम्हीच ठरवलं असेल, तर गोष्ट निराळी. काही मुलांना शाळा बदलल्यावरच मोकळं वाटतं, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. मग करारात दुसऱ्या शाळेतला प्रवेश पक्का झाल्यावरच दाखला काढण्याची अट घाला, दाखल्यावर वागणुकीबद्दल कोणताही शेरा नको, आणि मुलाच्या सगळ्या नोंदींच्या प्रती आधी मिळाव्यात. रक्कमही मग 96,000 च्या खाली का आणावी, मला कळत नाही.

सोमवारी त्यांच्या वकिलांना ईमेलने एवढंच लिहा : ‘मसुदा मिळाला. चर्चेला तयार आहोत. कलम 7, तक्रारीवरील बंदी आणि दंडाचे कलम मान्य नाही. आमचा सुधारित मसुदा पंधरा दिवसांत पाठवू. तोपर्यंत पाल्य नियमित वर्गात येईल.’ शेवटचं वाक्य विसरू नका, आणि मंगळवारी त्याला खरोखरच शाळेत पाठवा. परत पाठवलं तर वेळ, परत पाठवणाऱ्याचं नाव आणि काय सांगितलं, ते त्याच दिवशी ईमेलने कळवा. शॅडो टीचरला पैसे दिल्याच्या पावत्या किंवा यूपीआयचे स्क्रीनशॉट, आणि त्या सहा आठवड्यांतले वर्गशिक्षिकेचे व्हॉट्सअॅप मेसेज एका फाईलमध्ये ठेवा. तोंडी सांगितलं म्हणता, पण ‘उद्या नको पाठवू, परवा बघू’ असा एखादा मेसेज फोनमध्ये नक्की सापडेल. फोन बदलण्याआधी शोधा.