वाचकांचे प्रश्न : पीसीओएसचे उपचार सरकारी रुग्णालयात घ्यावेत की खासगी?

प्रश्न : माझे वय 26 असून मी हडपसरला राहते आणि एका कार्यालयात 18,500 रुपये पगारावर काम करते. गेली दोन-अडीच वर्षे माझी पाळी दोन-दोन, कधी तीन महिन्यांनी येते, हनुवटीवर जाड केस येऊ लागले आहेत आणि वजनही वाढले आहे. घराजवळच्या एका खासगी क्लिनिकमध्ये सोनोग्राफी करून ‘पीसीओडी’ असल्याचे सांगण्यात आले आणि बीजांडकोशात तयार होणाऱ्या एएमएच या संप्रेरकाच्या तपासणीसह बऱ्याच रक्ततपासण्या, आहारतज्ज्ञांचा सल्ला, पाण्यात घालून घ्यायची पावडर असा सहा महिन्यांचा कार्यक्रम आखून दिला गेला. त्याचा खर्च माझ्या दोन पगारांहून अधिक आहे. मावशी म्हणते की पुण्याच्या सरकारी ससून रुग्णालयात जा, तेथे मोठे डॉक्टर असतात. आईचे म्हणणे असे की तेथे अख्खा दिवस मोडेल, आणि तसेही लग्न झाले की सगळे सुरळीत होईल. मी काय करावे?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : पीसीओएस, म्हणजेच तुम्हाला सांगितलेला ‘पीसीओडी’, हा संप्रेरकांच्या बिघाडाने बीजनिर्मिती आणि पाळी अनियमित करणारा आजार आहे. त्याची देखरेख सहा महिन्यांत संपत नाही, ती वर्षानुवर्षे करावी लागते. म्हणून दर तीन किंवा सहा महिन्यांनी, उसनवारी न करता आणि नोकरीवर गदा न आणता, जेथे तुम्ही पाच-सात वर्षे नेमाने जाऊ शकाल ते ठिकाण निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्साहाने सुरू केलेला महागडा कार्यक्रम तिसऱ्या महिन्यात सुटतो आणि रुग्ण पुढे वर्षभर कोणाकडेच जात नाही, हे या आजारात फार वेळा घडते.

पैसे कोठे लागतात आणि कोठे लागत नाहीत, हे कळण्यासाठी निदान कसे होते ते आधी पाहू. 2003 साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या आणि आजही वापरात असलेल्या निकषांनुसार तीन गोष्टींपैकी दोन आढळल्या की पीसीओएसचे निदान करता येते : बीजनिर्मिती अनियमित असणे, पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण रक्तात किंवा शरीरावरील खुणांतून वाढलेले दिसणे, आणि सोनोग्राफीत बीजांडकोशात (ओव्हरीत) अर्धवट वाढलेले अनेक बीजकोश (फॉलिकल) दिसणे. तुमच्या पत्रातच पहिल्या दोन गोष्टी आल्या आहेत, अर्थात हनुवटीवरील केसांचे प्रमाण डॉक्टरांनी तपासून ठरवले पाहिजे. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच तपासणीचा पर्याय मान्य केला आहे, परंतु पहिल्या दोन खुणा स्पष्ट असतील तर निदानासाठी दोन्हींची गरज नाही, असेही त्याच सूचना सांगतात. तुमची सोनोग्राफी तर झालेलीच आहे. तेव्हा निदानासाठी एएमएचवर पैसे घालण्याचे कारण मला दिसत नाही.

ज्या तपासण्या टाळू नयेत त्या मात्र निराळ्या आहेत. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध निर्माण करणारे संप्रेरक) यांच्या बिघाडानेही पाळी लांबते, म्हणून त्या दोन तपासण्या आधी व्हाव्यात, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पाहावे, आणि अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीचा एक आनुवंशिक विकार अशीच लक्षणे देतो, त्याची शंका आल्यास 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ही तपासणी करावी. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर याही पाहिल्या पाहिजेत. साखरेसाठी केवळ उपाशीपोटीचा आकडा पुरेसा धरू नये. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी या आजारात अधिक भरवशाची ठरते. संप्रेरकांच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा खरा येत नाही, त्यासाठी गोळ्या किमान तीन महिने बंद असाव्या लागतात. घाईने दिलेल्या पॅकेजमध्ये नेमके हेच विचारायचे राहून जाते.

उपचारांची औषधे तर सरकारी आणि खासगी दोन्हीकडे तीच आहेत. पाळी नियमित करण्यासाठी आणि केसांची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी संयुक्त संप्रेरक गोळ्या, म्हणजे ज्यांना आपण गर्भनिरोधक गोळ्या म्हणून ओळखतो त्या, पहिल्या पसंतीच्या मानल्या जातात. मात्र रक्तदाब जास्त असेल, डोळ्यांसमोर प्रकाशरेषा दिसून अर्धशिशी उठत असेल किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अशा वेळी त्या गोळ्या देत नाहीत. इन्सुलिनला शरीर नीट प्रतिसाद देत नसेल तर मेटफॉर्मिन हे मधुमेहातही वापरले जाणारे औषध देतात. सुरुवातीला त्याने पोट बिघडते, म्हणून ते जेवणाबरोबर आणि कमी मात्रेपासून सुरू करतात. ही दोन्ही जुनी औषधे असून त्यांची जेनेरिक रूपे जन औषधी केंद्रांत अल्प किमतीत मिळतात. पाकिटांतील पावडरीत बहुधा इनोसिटॉल हा पूरक पदार्थ असतो. तो घातक नाही, पण त्याच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे आणि महिन्याचा खर्च मोठा आहे. वजन पाच ते दहा टक्के उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते. त्यासाठी ज्वारीची भाकरी सोडून ओट्स विकत आणण्याची गरज नाही.

आता ससूनविषयी. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असल्यामुळे तेथे स्त्रीरोग, औषधवैद्यक, त्वचारोग आणि मानसोपचार हे विभाग एकाच आवारात आहेत, आणि पीसीओएसमध्ये या चारही विभागांचे काम पडू शकते. या आजारात नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण अधिक असते, हे बहुतेक ठिकाणी कोणी विचारतच नाही. तुम्ही विचारल्याशिवाय राहू नका. अडचण आहे ती वेळेची. अध्यापन रुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग ‘युनिट’प्रमाणे चालतो आणि प्रत्येक युनिटचा वार ठरलेला असतो. पहिल्या भेटीत केसपेपरवर युनिट आणि वार पाहून ठेवला आणि पुढे त्याच वारी गेलात, तर किमान वरिष्ठ डॉक्टर तेच राहतात. कनिष्ठ निवासी डॉक्टर मात्र बदलत राहतात, म्हणून प्रत्येक अहवालाची प्रत आणि पाळीच्या तारखांची नोंद स्वतःच्या फाइलमध्ये असावी. निदानाच्या टप्प्यात दोन-तीन दिवस मोडतील, हे आईंचे म्हणणे खरे आहे. उपचार एकदा बसल्यावर मात्र दर महिन्याला तेथे खेटे घालावे लागत नाहीत.

खासगी डॉक्टरांकडे संध्याकाळची वेळ मिळते, तोच चेहरा पुन्हा भेटतो आणि चारचौघांत लाजिरवाण्या वाटणाऱ्या गोष्टी दाराआड बोलता येतात. या गोष्टींना किंमत आहे आणि ती देण्यात काही चूक नाही. परंतु किंमत डॉक्टरांच्या सल्ल्याची द्यावी, कार्यक्रमाची नव्हे. ‘यांतील कोणती तपासणी माझा उपचार बदलेल?’ असा प्रश्न सरळ विचारावा. महाराष्ट्रातील शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णालयांनी दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. तो बजावताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजना लागू असलेल्या आस्थापनेतील कर्मचाऱ्यांच्या पगारातून पाऊण टक्का वर्गणी कापली जाते. तुमच्या पगारावर ती महिना 139 रुपये होते. पगारपत्रकात ‘ईएसआय’ असा रकाना आहे का, ते आजच पाहा. असेल, तर नेमून दिलेल्या दवाखान्यातून सुरुवात करून बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयापर्यंत तपासण्या आणि औषधे तुम्हाला त्या वर्गणीतच मिळतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे आणि खासगी आरोग्य विमाही बहुधा बाह्यरुग्ण खर्च देत नाही, त्यामुळे पीसीओएससारख्या दाखल न होता चालणाऱ्या आजारात ईएसआयचे मोल फार आहे. माझी सूचना अशी की निदान आणि तपासण्या ईएसआयमधून किंवा ससूनमधून करून घ्याव्यात, औषधे तेथूनच अथवा जन औषधी केंद्रातून घ्यावीत, आणि मोकळेपणाने बोलावेसे वाटेल तेव्हा वर्षातून एक-दोनदा विश्वासाच्या खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांची केवळ सल्ल्याची फी द्यावी.

आईंना इतकेच सांगा की लग्नाने संप्रेरके बदलत नाहीत. पाळी तीन महिन्यांहून अधिक काळ वारंवार लांबत राहिली तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे त्यात गंभीर बदल होण्याचा धोका वाढतो. स्थळे पाहण्यात दोन वर्षे गेली तर तेवढा काळ हे दुखणे थांबून राहणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी 14 वर्षांची असून तिला पाळी सुरू होऊन दीड वर्ष झाले. पाळी कधी दीड, कधी दोन महिन्यांनी येते. एका ठिकाणी सोनोग्राफी करून पीसीओएस असल्याचे सांगितले आणि गोळ्या दिल्या. मोठ्या खासगी रुग्णालयात दाखवावे का?
— एक पालक, औंध

उत्तर : घाई करू नका. पाळी सुरू झाल्यानंतर पहिले वर्ष ती अनियमित असणे स्वाभाविक मानले जाते आणि तीन वर्षांपर्यंत 45 दिवसांचे अंतरही चालते. तुमच्या मुलीचे अंतर त्याहून थोडे अधिक जाते, म्हणून तिला तपासून घेणे योग्यच आहे. पण पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत केवळ सोनोग्राफीतील चित्रावरून पीसीओएस ठरवू नये, कारण या वयातील निरोगी मुलींचे बीजांडकोशही तसेच दिसतात. एएमएचलाही या वयात निदानाचे मूल्य नाही. अनियमित पाळी आणि चेहऱ्यावर जाड केस किंवा न हटणारे तीव्र मुरुम या दोन्हींपैकी एकच खूण असेल, तर ‘धोका आहे’ एवढी नोंद करून काही वर्षांनी पुन्हा तपासणी करण्याची पद्धत आहे.

तुम्ही औंधला राहता, तर जिल्हा रुग्णालय जवळच आहे. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि तपासण्या निःशुल्क आहेत. किशोरवयीनांसाठी अशा रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालवले जाते, त्याची तेथे चौकशी करा. मुलीला आईसमोर न बोलता येणारे काही असेल तर तेथे बोलता येते. पुन्हा सोनोग्राफी सांगितलीच, तर ती पोटावरून, भरपूर पाणी पिऊन मूत्राशय भरल्यावर करतात, हे तिला आधी सांगून ठेवा. मुली विनाकारण घाबरलेल्या असतात. चालू गोळ्या मनाने बंद न करता त्या कशासाठी दिल्या हे डॉक्टरांना विचारा. आणि घरात तिच्या वजनावरून बोलणे थांबवा, ही माझी आगाऊ विनंती.

प्रश्न : माझे वय 31, पतींचे 34. मला पीसीओएस आहे. दीड वर्षापासून मूल व्हावे म्हणून प्रयत्न करत आहोत. एका खासगी केंद्राने पहिल्याच भेटीत आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सुचवले. आम्ही चिंचवडला राहतो. महापालिकेच्या रुग्णालयात याचे उपचार होतील का?
— एक जोडपे, चिंचवड

उत्तर : पीसीओएसमध्ये बीजनिर्मिती घडवण्यासाठी लेट्रोझोल हे गोळ्यांच्या स्वरूपातील साधे औषध पहिल्या क्रमांकाचे आहे. भारतात 2011 साली वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी आली होती; ती 2017 मध्ये उठली, तरी अजून काही घरांत ‘ते बंदीचे औषध’ म्हणून बिचकतात. त्याने गुण आला नाही तर इंजेक्शने किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांचा विचार होतो, आणि आयव्हीएफ एरवी त्यानंतरची पायरी आहे. पतींची वीर्यतपासणी आणि तुमच्या गर्भनलिका मोकळ्या असल्याची खात्री मात्र सगळ्याच्या आधी हवी. त्यांत मोठा दोष निघाला तर थेट आयव्हीएफचा सल्लाही योग्य ठरू शकतो, पण या दोन तपासण्यांवाचून दिलेला सल्ला स्वीकारू नका.

पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात या प्राथमिक तपासण्यांपासून आणि गोळ्यांपासून सुरुवात करण्यासाठी जावे. अडचण येते ती पुढे. गोळ्या घेतल्यावर बीजकोशाची वाढ पाहण्यासाठी पाळीच्या ठरावीक दिवसांत एकाआड एक दिवस सोनोग्राफी करावी लागू शकते, आणि तो दिवस रविवार किंवा सणाचा निघाला तर सरकारी वेळापत्रकाशी त्याचा मेळ बसत नाही. तेवढे काम खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे करून घेण्यात शहाणपण आहे. या आजारात खासगी सेवेचा सर्वांत सार्थ खर्च मला येथेच वाटतो. आरोग्य विम्यातून मात्र त्याची अपेक्षा धरू नका, कारण वंध्यत्वावरील उपचार बहुतेक पॉलिसींनी वगळलेले असतात.

पुढे आयव्हीएफची वेळ आलीच, तर पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये इंजेक्शनांनी बीजांडकोश प्रमाणाबाहेर फुगण्याचा धोका अधिक असतो. तो टाळण्यासाठी कोणती पद्धत वापरणार आणि रात्री-अपरात्री त्रास झाल्यास कोणाला बोलवायचे, हे पैसे भरण्यापूर्वी केंद्राला विचारा. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या 2021 च्या कायद्यानुसार अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे, तेव्हा नोंदणी प्रमाणपत्रही पाहून घ्या.