पाय लांब करायच्या ऑपरेशननंतर फ्रेम काढली की हाड परत मोडू शकतं का? किती दिवस जपावं लागतं?

हो, मोडतं. आणि पोरगं न पडताही मोडतं, हे आधी घरातल्या सगळ्यांना समोर बसवून सांगा, नाहीतर नंतर खापर आईच्या डोक्यावर फुटतं.

माझ्या मुलाचा एक पाय जन्मापासून आखूड. मांडीचं हाड कापून, बाहेरून पिनांनी हाड धरणारी फ्रेम लावून, दोन तुकडे हळूहळू दूर सारत लांब केला. दिवसातून चारदा पाव पाव मिलिमीटर नट फिरवायचा, पिनांभोवती पुसून काढायचं, गुडघा वाकवताना त्याच्या शिव्या खायच्या, सगळं मीच केलं. लांबी भरली की लोकांना वाटतं झालं, पण फटीत धरलेलं नवं हाड तेव्हा कच्चंच असतं, लांब करायला जेवढा वेळ गेला त्याच्या दुप्पट किंवा जास्तच ते पक्कं व्हायला जातो. आमच्याकडे सगळ्यांना घाई, सासूबाईंचं रोजचं "पोराला अजून किती पिंजऱ्यात ठेवणार". शेवटी डॉक्टरांनी काढली.

मग एकदा बाथरूममधून येताना दारात नुसता वळला तो. मांडीला मधेच बाक. नवं हाड जुन्याला जिथे मिळतं तिथेच गेलेलं. परत ऑपरेशन, आत रॉड, आणि भेटायला येईल त्याला नणंदबाई सांगायच्या, "वहिनीचं लक्ष नव्हतं हो."

लक्ष नव्हतं म्हणे! दुसऱ्या डॉक्टरांनी फ्रेम काढायच्या आधीचे एक्सरे लावून दाखवले. नव्या हाडाच्या समोरून दोन कडा दिसतात, बाजूने दोन, चारातल्या निदान तीन सलग भरलेल्या पाहिजेत. आमच्या आतली आणि मागची भरलेली, बाहेरची आणि पुढची नुसती पुसट. त्या एक्सरेंचा फोटो मोबाईलमध्ये आहे, नणंदबाई आल्या की अजून उघडून दाखवते.

तर किती दिवस जपायचं ते मी कसं सांगणार, एक्सरे तुमचा. डॉक्टरांना कडा बोट ठेवून दाखवायला लावा. फ्रेम एकदम काढण्यापेक्षा आधी थोडी ढिली करून हाडावर भार येऊ देतात, तसं करणार का विचारा. काढल्यावर प्लास्टर किंवा ब्रेस आणि कुबड्या सांगितल्या तर कुरकुर नको. पिनांची भोकंही कमजोर असतात, आणि वापर नसल्याने जुनं हाडसुद्धा विरळ झालेलं असतं. आखडलेला गुडघा कोणी जोर लावून वाकवायला लागलं तर सरळ हात धरा, तो जोर नव्या हाडावर येतो. मालिशवाल्या काकू तर नकोतच.

हां, सगळ्यांचं मोडतं असं नाही. आमचंही नंतर जुळलं, थोडी लांबी गेली. आणि फ्रेमऐवजी लांब करणारा रॉडच आत बसवला असेल तर माझं निम्मं तुम्हाला लागू नाही, तो आतून आधार देत राहतो, फक्त परवानगीआधी पूर्ण वजन टाकलं तर रॉडच वाकतो किंवा तुटतो.